दोरीच्या तीन गाठी

अंधाऱ्या खोलीत चार बाटल्या होत्या, फिल्म धुवायची एक टाकी, एक घड्याळ, धूळ बसलेला थर्मामीटर आणि जळालेला लाल बल्ब. टेबलावर काकांचा कॅमेरा. आत छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले चोवीस काढलेले.

पुतणीने सगळं दोनदा मोजलं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, तेव्हा सवयच ती.

काकू प्रत्येक फोटोची नोंद वहीत ठेवायची; त्या वहीप्रमाणे सतरावा फोटो पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या बायकोचा होता. जन्मभर कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारी बाई काकांसमोर तेवढी बसली आणि महिन्याभरात गेली. तिचा दुसरा फोटोच नाही. "रोल संपला की देतो," असं काका म्हणाले होते. रोल संपायच्या आत काकाच गेले. काका नेहमी जायचे त्या कलाकेंद्रात आज पाचला त्यांची शोकसभा होती. बाइंडर सकाळी दहापासून बाहेरच्या खोलीत येऊन बसला होता.

"दुकानात देऊ या ना," काकू दारातून म्हणाली.

"दुकानात आठवडा लागेल. ते बघ कसे बसलेत."

"आणि बिघडलं म्हणजे?"

"काकांचा एक तरी फोटो धूसर आलाय का आजवर?"

कॅमेऱ्याची पिशवी काकूने पोटाशी धरली होती. अलीकडे ती पिशवी घेऊन काकांबरोबर सगळीकडे असायची. काकूशिवाय काकांचं पान हलत नाही, अशी केंद्रात चेष्टा चालायची.

बाटल्यांवर नावं नव्हती. नुसते रबरबँड.

"यातलं आधी काय?"

"एक रबरबँड तो डेव्हलपर, चित्र उमटवायला. दोनचा नुसता थांबवायला, तीनचा फिक्सर, पक्कं करायला."

"आणि चौथी?"

"पाणी गं."

"लेबल लावायचं ना सरळ!"

"त्यांना लिहायचा कंटाळा," काकू पुटपुटली.

पुतणीने दार लावलं, दिवा मालवला. फिल्म टाकीच्या चाकात भरायचं तिला काकांनीच शिकवलं होतं, गेल्या वर्षी. "डोळे मीट," ते म्हणायचे. "अंधारातही डोळे मध्ये मध्ये लुडबुडतात. बोटांना करू दे." तिने डोळे मिटले. फिल्म एकदा अडली. मग सरकली.

टाकीचं झाकण बसल्यावर तिने दार उघडलं, थर्मामीटर पुसला. वीस अंश. एक रबरबँडची बाटली टाकीत ओतली. साडेसात मिनिटं. दर मिनिटाला टाकी उलटी-सुलटी करायची.

बाइंडर दाराशी येऊन उभा राहिला. "ताई, मला एक भीती वाटते. ही त्या दिवशी सारखी हसत होती. हललेला तर नसेल ना?"

"का हसत होत्या?"

"ती दोरी! तुमच्या काकांनी दोरीचं टोक तिच्या नाकाला लावलं. म्हणाली, माप घेताय का कफनाचं?" त्याने घसा खाकरला. "तुमचे काका म्हणाले, हसलात ना, झालं माझं काम."

कॅमेऱ्याच्या पट्ट्याला ती दोरी अजून होती. तिला तीन गाठी. लेन्सच्या अंतर जुळवायच्या कड्यावरही वाळलेल्या डिंकाचे तीन थेंब होते.

"फुकट काढायचे सगळ्यांचे," बाइंडर म्हणाला. "प्रिंटसुद्धा केंद्रातल्या पोरांकडून, त्यांचा हात बसावा म्हणून. पण तंद्रीत फार. रस्त्यात समोरून गेलो तरी ओळख नाही द्यायचे. हाक मारली, की मग गळ्यात गळा."

"कलाकार माणूस," काकू घाईने म्हणाली. "तुम्ही बसा ना बाहेर."

दोन रबरबँडची बाटली झाली, मग पुतणीने तीनची ओतली. पाच मिनिटं. मग पाणी. मग तिने झाकण काढलं, ओली फिल्म उजेडाकडे धरली आणि एकापासून मोजत गेली.

सतरा.

भिंगातून तिने बघितलं. निगेटिव्हमध्ये पांढऱ्याचं काळं होतं, तरी चेहरा स्वच्छ होता. बाई हसत होती. पापण्यांचा केस न् केस सुटा दिसत होता.

"आला," ती म्हणाली. "मस्त आलाय."

बाइंडरने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. काकू मात्र अजून पिशवी धरूनच उभी होती.

तासाभराने फिल्म वाळली. "काकू, फिल्म कापायला कात्री दे ना. पिशवीत असेल."

"मी काढते. तू राहू दे."

पण पुतणीचा हात बाजूच्या कप्प्यात गेलाही होता. कात्रीबरोबर चौघडी घातलेला एक कागद बाहेर आला. काकूने तो घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

डोळ्यांच्या रुग्णालयाचा कागद. वर काकांचं नाव, वय एकसष्ट, तारीख तीन वर्षांपूर्वीची.

उजवा डोळा: उजेड कळत नाही. डावा डोळा: अर्ध्या मीटरपर्यंत हाताची हालचाल जाणवते, बोटं मोजता येत नाहीत.