काचेआडची गाठ

दादाची बोट समुद्रात बेपत्ता झाल्यापासून वहिनीने घराचा उंबरा ओलांडला नव्हता. शेवटी मीच तिला ओढून बंदरावरच्या संग्रहालयात नेलं. नणंदेने वहिनीला फिरायला न्यावं, हेच खरं तर संग्रहालयात ठेवण्यासारखं!

शेवटच्या दालनात काचेच्या कपाटात जुन्या खलाशांनी मारलेल्या गाठी मांडल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वीच्या, असं पाटीवर लिहिलं होतं. वहिनी एका गाठीपाशी थबकली.

त्या गाठीला एक वेढा जास्त होता, आणि तोही उलटा.

आमच्याकडे कपडे वाळत घालायची दोरी दादा अशीच बांधतो. बाबा करवादायचे, "अरे, जन्म गेला बोटीवर, अजून साधी गाठ येत नाही तुला!" दादा हसून म्हणायचा, "पण सुटली का कधी?"

"हे कपाट कधी उघडता हो?" मी रखवालदाराला विचारलं.

"मी कामाला लागल्यापासून तरी नाही, ताई. किल्लीच सापडत नाही त्याची."

बाकीच्या गाठींवर धूळ होती. ही मात्र ओली होती. दोराच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं.

मी वहिनीचा हात ओढला, पण ती जागची हलली नाही. तिने काचेवर तळवा टेकला.

आत तो दोर हळूहळू ताणला गेला, धक्क्याला लागलेल्या बोटीने ओढावा तसा.

किती दिवसांनी वहिनी हसली.

"चल घरी," ती म्हणाली. "बोट बांधून झाली की त्याला सपाटून भूक लागते."