ओले फेटे

"भाऊजी, हाबी ओलाच हाय," भिवाजीनं मातीच्या गड्याच्या फेट्याला बोट लावून पाहिलं आणि लाल झालेलं बोट धोतराला पुसलं.

पाटावर अंगठ्याएवढे मातीचे गडी दोन रांगांत उभे होते. लाल फेट्यांचे पांढुर्ण्याचे, पिवळ्या फेट्यांचे सावरगावचे. मधे निळीनं रंगवलेली जाम नदी, नदीत पळसाची काडी आणि काडीवर चिंधीचा झेंडा. तिकडे खऱ्या नदीवर खरी गोटमार सुरू झाली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं दोन थड्यांवरून एकमेकांवर दगड फेकतात, आणि मधला झेंडा पडेस्तोवर कोणी थांबत नाही. ढोलांचा आवाज गुणवंताच्या ओसरीपर्यंत येत होता.

त्याची बायको शकुबाई उंबऱ्यात सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. पाखडलेलीच तूर पुन्हा पाखडत होती म्हणा ना. तिचं सासर पांढुर्णा आणि माहेर सावरगाव. नवरा या थडीचा, धाकटा भाऊ भिवाजी त्या थडीचा. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी भिवाजीचं डोकं फुटलं, तेव्हा ती स्वतः पाण्यात होती. लुगडं फाडून तिनं त्याचं डोकं बांधलं, आणखीही कोणाकोणाची बांधली. एक दगड तिच्याही कानशिलावर बसला, तेव्हापासून डाव्या कानानं तिला कमीच ऐकू येई. पण तो दगड ती हिशेबात धरत नसे.

त्यानंतर तिनं दोघांना जामसांवळीच्या मारुतीची शपथ घातली. नदीवर जायचं नाही, काय मारामारी करायची ती घरात करा! मग या दोघांनी पाटावरची गोटमार काढली. कुंभाराकडून दर साल नवे गडी आणायचे, रंगवायचे, आणि कवड्या टाकून डाव खेळायचा. नियम एकच पण कडक. एकही गडी कच्चा राहिला तर डाव सुरू करायचा नाही.

शकुबाईनं तो नियम बरोबर हेरला होता. डाव लवकर संपला तर हे दोघे मोकळे, आणि मोकळे पुरुष कुठे जातील ते सांगायला नको. म्हणून रंगकाम लांबवणं तिच्या हातात होतं. एका साली कुंचला चुलीत गेला. एका साली पाटावर कोंबडी चढली, म्हणजे चढवली. या साली तिनं पहाटेच रंगाच्या वाट्यांत तिळाचं तेल सोडलं होतं. असा रंग काय वाळतो!

या साली धोका मोठा होता. भिवाजी सौंसरच्या तहसिलीत कारकून. नागपूर मुंबई राज्यात चाललं होतं, पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहणार होतं, आणि भिवाजीनं नोकरीसाठी नागपूर मागून घेतलं होतं.

"बाई, आता मी तिकडचा होऊन राहिलो," तो एकदम उठून म्हणाला. "शेवटची गोटमार हाय. जरासा पाहून येतो."

"बस खाली!" शकुबाईनं सूप आपटलं. "मारुतीची शपथ का नागपूरले पाठवली तू?"

तो बसला. थोड्या वेळानं गुणवंता उठला, वहाणा शोधू लागला.

"अवो, तुम्हीबी? या वयात?"

"पाय मोकळे करून येतो म्हटलं."

"आंगनात करा मोकळे. मी बसली हाव इथंच."

दुपारी नदीकडून मोठा कालवा उठला. कोणाला तरी जबर लागलं असावं. सूप तसंच टाकून शकुबाई अंगणाच्या फाटकापर्यंत गेली. हातात हळदीचा डबा कधी आला ते तिलाही कळलं नाही. तेवढ्यात मागे भिवाजीचा आवाज आला, "चला भाऊजी, बाई नाही तोवर जाऊन येऊ!" ती गर्रकन वळली आणि पुन्हा उंबरा अडवून बसली.

उन्हं कलली तेव्हा कुठे फेटे वाळले. दोघांनी डाव मांडला, आणि पिवळ्यांनी झेंडा पाडला तोच नदीकडेही ढोलांचा ठेका बदलला. खरा झेंडा पडला होता. शकुबाईनं मारुतीच्या दिशेनं हात जोडले. तिला दोघांचीही फार माया दाटून आली. किती हट्टी, पण तिच्या एका शब्दावर बसले बिचारे दिवसभर. माहेर आणि सासर, दोन्ही धड होतं.

पोळ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या गरम करून, ताटं घेऊन ती मागच्या दारानं ओसरीकडे आली. ते दोघे पाठमोरे, तिच्या उजव्या कानाकडे होते.

"तेल कमीच पडलं होतं," भिवाजी म्हणत होता. "मी आनखी दोन चमचे ओतलं, नाहीतर दुपारीच वाळत होता रंग."

"मले तर दगडाचं नुसतं नाव काढलं तरी घाम फुटते," गुणवंता हसला. मग त्याचा आवाज उतरला. "त्या साली डोकी बांधाले गेलेल्या शकूले काढाले तू पान्यात उतरला नसता, तर ते जित्ती हाती लागली नसती बापा. आता तू नागपूरले. पुढच्या पोळ्याले येशील ना?"

"न येऊन कसं जमते, भाऊजी? आपन दोघं सुधरलो असं तिले एकदा वाटलं, का ते गेलीच समजा नदीवर."