आर्नहेमचा पूल

आर्नहेमच्या पुलावर उभं राहून रुचिर पुण्याहून आलेल्या आईला दुसऱ्या महायुद्धातली मोहीम समजावून सांगत होता. हौस त्याची, गुडघे तिचे.

"सगळे पूल एका दमात घ्यायचे, असा बेत होता. पॅराशूटनं उतरलेल्यांनी हा शेवटचा पूल धरून बसायचं. मागून रणगाडे येणार होते."

"आले?"

"नाही. रस्ता एकच, वाटेत अडकले."

"येतो म्हणाले होते ना?"

"म्हणाले होते."

"मग येत नाही म्हणून कळवायचं तरी."

"वायरलेस बंद पडले होते, आई."

"म्हणजे फोन लागत नव्हता." आईनं कठड्याला टेकून गुडघा चोळला. "आणि ही पोरं?"

"बसली धरून. गोळ्या संपेपर्यंत."

आई कठडा सोडून हळूहळू चालू लागली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिची बॅग पट्ट्यावर चढवताना रुचिर दरवर्षीसारखं म्हणाला, "या दिवाळीला नक्की येतो."

आईनं पर्समधला औषधांचा डबा चाचपून पाहिला.

"ये. तोवर मी पूल धरून बसते. गोळ्या आहेत अजून."