जाळ्याखालचा पाहुणा

“आई, त्याला परसात एकटं सोडू नका हं, वर घार फिरतेय,” लग्नाला निघालेल्या सुनेने गाडीत बसता बसता चौथ्यांदा बजावलं. “आणि खाण्याचंही बघा. परक्या घरी तो अन्नाला तोंड लावत नाही.”

द्वारकाबाईंनी पायाशी पाहिलं. बिस्किट नावाचं ते कुत्रं जेमतेम पापलेटाएवढं. घारीने उचललं असतं, तर सून पुन्हा या घराची पायरी चढली नसती.

पण घारीला घाबरेल ती कोळीण कसली! परसात वर्षभराच्या सोड्यांसाठी सोललेली कोलंबी वाळत होती आणि तिच्यावर चार बांबूंना जुनं जाळं ताणलेलं होतं. तीस वर्षांत घारीला त्यातून एक कोलंबी मिळाली नव्हती. द्वारकाबाईंनी बिस्किटाला जाळ्याखाली सारलं, कडेला दगड ठेवले आणि निवांत जेवून आडव्या झाल्या.

संध्याकाळी बघतात तर घार विहिरीच्या कठड्यावर बसून, मान वाकडी करून जाळ्यात बघतेय. चटईवर कोलंबीचं नखही नाही, आणि मधोमध बिस्किट उताणं, पोट ढोलकीसारखं तट्ट.

“मेल्या, वर्षाचं कालवण गिळलंस की रे माझं!”

तेवढ्यात फोन वाजला. “आई, घार नाही ना आली? खातोय ना थोडंफार?”

द्वारकाबाईंनी फोन खांद्यात धरून बिस्किटाला दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि धापा टाकत खाली ठेवलं.

“खातोय हो बाई. आणि घारीची काळजी सोड. आता ती नवऱ्याला मदतीला घेऊन आली, तरी हा उचलवायचा नाही!”