मेनूकार्डाचं मागचं पान

नवं मेनूकार्ड आलं तेव्हा भावोजी कांदा चिरत होते. त्यांनी सुरी ठेवली, हात पुसले आणि कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. पुढच्या पानावर निखाऱ्यावर भाजलेलं मटण, कोंबडी, बरगड्या; सगळं कोपऱ्यापलीकडच्या बार्बेक्यूवाल्याचं. त्यांचा स्वतःचा रस्सा आणि मासळी मागच्या पानावर, अगदी तळाला.

"पुढे जागा उरली नाही का, वहिनी?"

"छापणाऱ्यानं बसवलं तसं बसलं," गल्ल्यावरून वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

हॉटेल भावोजींच्या थोरल्या भावानं काढलेलं. भाऊ बाहेर बघायचा, भावोजी आत. भाऊ गेल्यावर गल्ल्यावर वहिनी बसल्या. त्या 'भावोजी' म्हणायच्या म्हणून हळूहळू सगळी गल्लीच त्यांना भावोजी म्हणू लागली. लग्न त्यांनी केलं नाही. याचं लग्न शेगडीशी लागलंय, असं भाऊ चिडवायचा.

अलीकडे गिऱ्हाईक रोडावलं होतं. डबाबंद खाऊन खाऊन लोकांच्या जिभा बिघडल्यात, असं भावोजींचं म्हणणं.  एक दिवस वहिनी बार्बेक्यूवाल्याला घेऊनच आल्या. त्याच्याकडे भट्टी होती, बसायला जागा नव्हती. इथं टेबलं रिकामी होती. त्यानं मटण भाजून डब्यांतून पाठवायचं, सोबत सॉसचं पातेलं. इथं गरम करून वाढायचं. भागीदारी ठरली.

पहिल्याच दिवशी भावोजींनी एक तुकडा तोंडात टाकला.

"अळणी! हे कोण खाणार?"

पण लोक खात होते. बोटं चाटून खात होते. टेबलं भरू लागली. भावाच्या काळापासून रोज येणारे पोस्टमास्तरसुद्धा बरगड्या मागवू लागले. सोबत वाटीभर रस्सा मात्र त्यांनी सोडला नाही. "भावोजी, तुमच्या रश्श्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही," असं मोठ्यानं सांगायचे. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते सगळंच मोठ्यानं सांगायचे. जेवण झालं की त्यांची वाटी वहिनी स्वतः उचलून मोरीत नेत.

"वेटर आहे ना त्याला?" भावोजी एकदा म्हणाले.

"मला काय काम आहे दुसरं?"

"जेवायलाही नाही बसत तुम्ही इथं हल्ली. घरून डबा आणता."

"पथ्य आहे, भावोजी."

बार्बेक्यूवाला दुपारी चहाला यायचा. बायको वारलेला, धिप्पाड, तोंडानं गोड माणूस. गल्ल्याशी वाकून वहिनींशी हळू आवाजात बोलायचा. भावोजी बाहेर आले की बोलणं थांबायचं. हे भावोजींच्या नजरेतून सुटलं नाही. एकदा तर ते दाराआड असताना कानावरच आलं.

"सांगून टाका की एकदाचं," बार्बेक्यूवाला म्हणाला.

"नाही. त्यांना नाही सोसायचं."

"आज ना उद्या कळणारच."

"माझ्या तोंडून नको."

भावोजींच्या अंगाचा तिळपापड झाला. बार्बेक्यूवाला गेल्यावर ते पुढे आले.

"दादाची खुर्ची याला द्यायची ठरलीये वाटतं?"

वहिनींचा चेहरा उतरला. "काय बोलताय हे?"

"गल्ली मनात बोलते ते मी तोंडानं बोलतोय. आधी मेनूकार्ड घेतलं त्यानं. आता घर घेईल. मला मागच्या पानावरून खाली ढकललंत की झालं!"

 वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आहात तोवर त्या शेगडीला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. बाकी मला काही बोलायचं नाही." आणि मुळात स्वच्छ असलेली गल्ल्याची काच पुसत बसल्या.

भावोजींना त्या बोलण्यात अपराधीपणा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेल गच्च भरलं. डबे आले, सॉस आला. भावोजींनी सॉसच्या पातेल्यात मिठाची मूठ रिकामी केली. चाखलं. त्यांना काही कमी वाटलं, म्हणून आणखी एक. ढवळलं, मटणावर सढळ हातानं ओतलं आणि ताटं बाहेर पाठवली. मग वाढपाच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

आता आरडाओरडा होईल. ताटं गल्ल्यावर आपटली जातील. त्या गोडबोल्याला बोलावून सगळ्यांसमोर झाडलं जाईल, आणि भागीदारी आजच्या आज मोडेल. त्यांनी हाताची घडी घातली.

खिडकीजवळच्या जोडप्यानं घास घेतला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्यानं पाण्याचा जग ओढला.

मधल्या टेबलावरच्या गॅरेजवाल्याचं तोंड चावता चावता थांबलं. त्यानं वाढपाच्या खिडकीकडे पाहिलं. भावोजींशी नजरानजर होताच तो हसला, मान डोलावली आणि घास गिळला.

कुणीच ओरडलं नाही. लोक पावाच्या तुकड्यानं सॉस बाजूला सारत होते, पाणी पीत होते, खाली मान घालून खात होते. एका मुलीनं पुढे सरकवलेलं ताट आईनं डोळे वटारल्यावर परत जवळ ओढलं.

भावोजींना काही उमजेना. एवढं होऊनही लोक त्या माणसाचं खातात? एवढी जादू आहे त्याच्या हातात?

तेवढ्यात पोस्टमास्तर उठले. हातात अर्धं ताट घेऊन गल्ल्याशी गेले. भावोजी सरसावले. चला, एक तरी माणूस निघाला बोलणारा.

पोस्टमास्तर वहिनींच्या कानाशी वाकले आणि त्यांना कुजबूज वाटावी अशा, पण सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"वहिनी, मटणही आता भावोजीच करायला लागले का? नाही, तक्रार नाही हो माझी. रश्श्याबद्दल इतकी वर्षं त्यांना आम्ही कुणी कळू दिलं नाही, तसं याचंही नाही कळू देणार."