काठोकाठ

जैतुनबीनं पेला जमिनीवर ठेवला आणि त्यात पाणी ओतत राहिली. पाणी काठाला आलं तरी तिचा हात थांबेना.

"बास की," तिचा नवरा चांदपाशा म्हणाला. "एवढं भरल्यावर माशी बसली तरी सांडंल."

"मालगाडी यायचीय. भरलेलाच बरा."

मुकुंदवाडी स्टेशनामागचं हे मैदान बद्रीनाथचं. इथं महिनाभर आनंदमेळा भरणार होता, आणि चांदपाशाचा मौत का कुआँ इथं लागायचा की नाही, ते हा पेला सांगणार होता. रूळ हाकेच्या अंतरावर. गाडी जाताना जमीन हादरली, तर त्या लाकडी विहिरीच्या फळ्या सैल होतात आणि आतल्या भिंतीवर मोटारसायकल फिरवणारा थेट खाली येतो. फळ्या, तंबू, चूलभांडी घेऊन ट्रक रस्त्यावर उभाच होता. सामान उतरवायचं की नाही, हे जैतुनबीनं सांगायचं. चांदपाशाच्या आईपासूनची रीत होती : खाली उभं राहून जिला बघावं लागतं, तिनंच जागा बघायची. तिच्या शब्दापुढं कुणी शब्द काढत नसे.

या वेळी बघायचं होतं ते लेकीला. चांदपाशाचा गुडघा कामातून गेला होता, आणि मोटारसायकल आता जन्नत फिरवणार होती. नवऱ्याला जैतुनबीनं इतकी वर्षं डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. लेकीला पाहणं तिच्याच्यानं होणार नव्हतं. जमीन कच्ची निघू दे, एवढंच ती सकाळपासून मनात घोळवत होती, आणि त्याची तिची तिलाच लाज वाटत होती.

जन्नत ट्रकवरून उडी मारून आली. ओढणी कमरेला गच्च बांधलेली. ती पेल्याजवळ उकिडवी बसली.

"भाभी, लई पक्की जमीन हाय," बद्रीनाथ म्हणाला. "आमच्या आज्यानं इथं खळं केलेलं. तुम्ही उगं जिवाला घोर लावून घेता."

भोंगा वाजला. मालगाडी आली, तीही भरलेली. डब्यामागून डबे धडधडत जाऊ लागले. सगळे वाकून बघत होते. हल की मेल्या, जैतुनबी पेल्याला मनातल्या मनात म्हणाली.

पाणी ढिम्म हललं नाही.

शेवटचा डबा गेला तशी बद्रीनाथनं टाळी वाजवली. "पाहिलं का भाभी? मी काय म्हणलो व्हतो?"

चांदपाशानं बायकोकडं पाहिलं. "बोल."

"पाणी हललं," जैतुनबी म्हणाली.

"कुठं हललं?" बद्रीनाथचा आवाज चढला. "आम्ही काय आंधळे हाव? पाशाभाई, तुम्ही तर डोळ्यांनी बघितलं. सांगा की त्यान्ला!"

चांदपाशानं पुन्हा एकदा त्या भरल्या पेल्याकडं पाहिलं.

"ती हललं म्हणती, तर हललं," तो म्हणाला आणि लंगडत ट्रककडं निघाला. महिन्याचा मुक्काम हातचा गेला होता, आणि आता ऐनवेळी दुसरी जागा कुणी देणार नव्हतं. बद्रीनाथ हातवारे करत त्याच्या मागं गेला.

जन्नत जागची उठली नाही.

"अम्मी, मी पण बघत होते."

जैतुनबी पेला उचलायला खाली वाकली.

"पुढच्या महिन्यात गंगापूरचा उरूस आहे. तिथं रूळ नाहीत." पोरीचा आवाज जराही चढला नव्हता, आणि जैतुनबीला त्याचीच जास्त भीती वाटली. "तिथं काय सांगशील?"

जैतुनबीनं पेला उचलला आणि सगळं पाणी मातीत ओतून टाकलं.

"तिथंबी हलंल," ती म्हणाली.