प्रवासी दोन

चढ लागला तरी शलाकाच्या इलेक्ट्रिक बाइकची दुसरी मोटर सुरू होईना. एकट्याला एक मोटर, दोघांना दोन, असा कायदाच होता, आणि सीटखालचा सेन्सर हृदयाच्या ठोक्यांवरून माणसं मोजायचा. पाचव्या महिन्यापासून ती एकटी बसली तरी दुसरी मोटर आपोआप सुरू व्हायची. आज सकाळपासून पोटात हालचाल नव्हती.

"अगं, नीट मोज ना!" ती बाइकवर ओरडली.

"प्रवासी एक," बाइक म्हणाली.

हॉस्पिटल घाटमाथ्यावर होतं. बाइक रखडत चढत होती. शलाका सीटवर मागेपुढे सरकत राहिली, एका हाताने पोट चोळत राहिली.

"बाळा, ऐकतोयस ना?"

तिसऱ्या वळणावर पुढच्या चाकातली दुसरी मोटर गुरगुरली.

"प्रवासी दोन."

शलाकाला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. हॉस्पिटलच्या दारातच तिने ब्रेक दाबला.